नवतपाची बालगीते

कूलरच्या ताट्या बदलायला माणूस आला की मला घरात बसवत नाही. यंदाही तो आला, जुनं कुजकं गवत उपसून त्याने अंगणात टाकलं, नव्या वाळ्यावर पाणी मारलं. वास घरभर झाला तशी मी उठून मागच्या दारात जाऊन उभी राहिले. माझी भाची मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी करते, दिवसभर थंडगार काचेच्या आत बसते. ती म्हणते, "आत्या, ए.सी. लावून टाक ना आता. हा कूलर म्हणजे घरात म्हैस बांधल्यासारखा आहे, नुसता घरघर करत राहतो." तिचं खरं आहे. पण मला त्या घरघरीनेच बरं वाटतं. कूलर चालू असला की माणसाला खोकता येतं, भांडं आपटता येतं, नाक ओढता येतं. तो बंद पडला आणि खोलीत एकदम शांतता झाली की माझ्या मानेवर घाम येतो. भाचीला वाटतं उकडतंय. मी तिला दरवर्षी 'हो' म्हणते, कारण खरं सांगायचं तर फार मागे जावं लागतं.

ऐंशी सालाच्या पुढेमागे कधीतरी मी बी.ए. होऊन घरी बसले. मुलगी सकाळपासून संध्याकाळपर्यंत पायांवर उभी असली तरी तिच्याबद्दल 'घरी बसली आहे' असंच म्हणतात. मीही तशीच बसले होते. पहाटे उठून गच्चीवर कुरड्या घालत होते, सरगुंडे वळत होते, पापड उलटत होते, आणि बसलेली होते. त्या चैत्रात रायपूरचे लोक मला पाहून गेले. मूळचे इकडचेच, दोन पिढ्या तिकडे स्थायिक झालेले, सज्जन. मुलगा बँकेत. त्याच्या आईने मला विचारलं, "गाणं-बिणं येतं का काही?" माझं तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "नाही, नाही. तसलं काही नाही आमच्याकडे." त्यांना पसंत होतं. आमचा होकार तेवढा जायचा होता. बाबा सरकारी कचेरीत होते, त्यांना प्रत्येक कागद एक उन्हाळा थांबवायची सवय होती. ते म्हणाले, "नवतपा उतरू द्या, मग कळवतो."

रोहिणी नक्षत्र लागलं की नऊ दिवस सूर्य डोक्यावर येऊन बसतो, त्याला आम्ही नवतपा म्हणतो. त्या दिवसांत शहाणा माणूस दुपारी घराबाहेर पडत नाही, आणि पडलाच तर खिशात कांदा ठेवून. बाबांना हे माहीत नव्हतं की नवतपा नावाचा एक बँडही नागपुरात आहे आणि घरी बसलेली त्यांची मुलगी त्यात गाते.

बँड सुधाकरचा. तो कॉलेजात माझ्या पुढे होता. त्याचे वडील गिरणीत होते, मग गिरणीने माणसं कमी केली आणि ते घरी बसले. पुरुषांना तो शब्द लागला की काय होतं ते मी त्यांच्या घरी पाहिलं. सुधाकरने कुठूनशी एक इलेक्ट्रिक गिटार मिळवली आणि गिरणीवाल्यांवर अशी गाणी रचली की पहिल्या ओळीलाच ऐकणारा उठून काठी शोधेल. ड्रम वाजवायचा बाबू. एरवी तो लग्नाच्या वरातीत वाजवत असे. त्याचे ड्रम कामठीच्या छावणीतून जुने म्हणून निघालेले होते, त्यांच्यावर पलटणीचा हिरवा रंग अजून होता. मी गॅदरिंगमध्ये गायले होते तेव्हा सुधाकरने हेरून ठेवलं होतं. गिरणीच्या फाटकासमोर आम्ही तीनचार वेळा वाजवलं. मी डोक्यावरून दुपट्टा घेऊन, तोंड अर्धं झाकून गायचे. उन्हासाठी सगळ्याच पोरी तसा बांधतात, त्यामुळे कोणाला काही वाटलं नाही.

मग लाउडस्पीकरच्या परवानगीला अट आली. गाण्यांचे शब्द आधी ठाण्यात दाखवायचे. सुधाकर दाखवायला गेला आणि त्याला दिवसभर बाकावर बसवून ठेवलं. हॉलवाले आपोआपच तारखांना नाही म्हणू लागले. आम्ही तिघं लकडगंजच्या एका चहाच्या दुकानात बसलो होतो. सुधाकर बराच वेळ बशीत बोट फिरवत होता.

"आपलं म्हनू देत नाही ना? मंग दुसऱ्याचं म्हनू," तो म्हणाला. "पाळना म्हनू. पाढे म्हनू. हळदीचं गानं म्हनू. पाळन्याले कोन बंदी घालते पाहू."

"म्हंजे कसं गा?" बाबूने विचारलं.

"याले कव्हर म्हनतात. विलायतेतले बँड करतात. दुसऱ्याचं गानं घ्यायचं, आपल्या तऱ्हेनं वाजवायचं. अन् कॅसेट काढायची. कॅसेटले परवानगी लागत नाही."

"कव्हर? गादीले असते तसं?"

सुधाकर हसणार होता, पण थांबला. "तसंच," तो म्हणाला. "आत काय भरलं हाय, बाहेरून दिसत नाही."

नियम एकच ठरला. एक अक्षरही बदलायचं नाही. जे काय म्हणायचं ते वाजवण्यातून. पाळण्यात 'नीज' हा शब्द होता, तो सुधाकर ड्रमच्या प्रत्येक ठोक्यावर म्हणायचा. चौथ्यांदा म्हणेपर्यंत तो फौजदाराचा हुकूम वाटू लागे. एकोणतीसचा पाढा आम्ही गिरणीच्या हजेरीसारखा म्हटला, एकाने आकडा ओरडायचा आणि दुसऱ्याने उत्तर द्यायचं. आज हे सांगताना हसू येतं. तेव्हा अंगावर काटा यायचा.

माझ्या वाटणीला एक गाणं होतं, आणि ते मी घरातूनच उचललं. आई शेवया करताना एक गाणं गुणगुणायची. तिच्या माहेरचं, काटोलकडचं. तिच्याखेरीज ते मी कोणाच्या तोंडी ऐकलं नाही. मोठ्याने तर तिने कधीच म्हटलं नाही. कोणी स्वयंपाकघरात आलं की ती मध्येच थांबायची आणि पातेल्यावर झाकण ठेवायची, त्यामुळे लहानपणी मला ते गाणं आणि झाकणाचा आवाज एकच वाटत असे.

दाराले कडी काहून वं बाई,
वाऱ्याले सांगा मी घरी नाही.

चुलीले धूर काहून वं बाई,
डोळ्याले सांगा मी रडत नाही.

सुधाकरला गाणं फार आवडलं, पण एक शब्द खटकला. "'काहून'चं 'का गं' कर," तो म्हणाला. "पुन्या-मुंबईले गेली पाहिजे कॅसेट. तिकडे काहून कोनाले समजते?"

"एक अक्षर बदलायचं नाही, असं तूच म्हटलं," मी म्हणाले.

बाबू ड्रमचे पेच आवळत होता. तो मान वर न करता म्हणाला, "'का'त काय दम हाय गा? तोंड उघडलं अन् संपलं. 'काहून' म्हनाले वेळ लागते. त्यात भांडता येते." 'काहून' राहिला.

जागा मिळाली ती सुधाकरच्या मामांच्या लाकडाच्या टालीत, म्हणजे वखारीत. मागे एक खोली होती, सागाच्या फळ्या रचून ठेवायची. चारी बाजूंनी लाकूड, त्यामुळे आवाज घुमत नव्हता. पण शेजारी आरा मशीन. ती दिवसभर करवतायची आणि फक्त दुपारी, मजूर जेवून झाडाखाली पडले की, बंद असायची. म्हणजे आम्हाला रेकॉर्डिंगला मिळाली भर नवतपातली भर दुपार. मामा भला माणूस, पण त्यांना भीती वाटे. दोन पोरं आणि एक पोरगी बंद खोलीत, कोणी पाहिलं तर काय सांगायचं? म्हणून ते बाहेरून कुलूप घालायचे. "आरा चालू झाला का खोलतो," एवढं म्हणून जायचे.

खोलीत एक कूलर होता. तो रेकॉर्डिंगच्या वेळी बंद करावा लागे, कारण स्पूलचा टेपरेकॉर्डर आमच्याआधी त्याचाच आवाज टिपायचा. वरच्या झरोक्यात पोतं कोंबलेलं. कूलर थांबला की पंप शेवटचे चार थेंब टाकायचा आणि मग काहीच नाही. तापलेल्या सागाचा वास, भुशाचा वास, आणि तीन माणसं श्वास धरून. घाम डोळ्यांत जायचा तरी पुसायला हात हलवायचा नाही, बांगडी वाजते. पुढे मी बांगड्या काढूनच ठेवू लागले. गिटारच्या तारा दर गाण्याला उतरायच्या. बाबू ओला पंचा डोक्यावर बांधून वाजवायचा आणि गाणं संपेपर्यंत तो पंचा वाळलेला असायचा.

मी पहिल्यांदा 'दाराले कडी काहून' म्हटलं तेव्हा बाबू खुदकन हसला, कारण दाराला खरोखरच बाहेरून कडी होती. घेतलेलं सगळं पुसावं लागलं. मला हसू आलं नाही. मला भीती वाटत होती, आणि आयुष्यात आधी कधी वाटला नव्हता इतका आनंदही होत होता. बाहेर सगळी दारं सताड उघडी होती आणि माझा गळा मिटलेला असायचा. इथे मी पूर्ण ताकदीने ओरडून विचारत होते, काहून, काहून, काहून. ऐकायला सागाच्या फळ्या होत्या. आणि दररोज घरी परतताना वाटायचं की आता फार झालं तर आठवडाभर, मग बाबांचा निरोप जाईल, आणि रायपूरला मी कोणत्या खोलीत गाईन?

घरी मी टायपिंगच्या क्लासला जाते असं सांगितलं होतं. आई रोज दारातच माझा दुपट्टा काढून घ्यायची आणि अंगणात झटकायची. एक दिवस झटकता झटकता म्हणाली, "टायपिंगच्या क्लासात भुसा लय दिसते वं." तिने दुपट्टा दोरीवर टाकला आणि मला पन्हं आणून दिलं. पुढे काही विचारलं नाही. तिला काय माहीत होतं आणि काय नव्हतं, हे मला कधीच नीट कळलं नाही.

गाणी झाली की आम्ही तिथेच ऐकायचो. मी स्वतःचा आवाज पहिल्यांदाच ऐकला, आणि दचकले. तो थेट आईचा होता. थोडा खालच्या पट्टीतला, जड. सुधाकर म्हणाला, "हे आयकल्यावर मानूस जागेवर राहनार नाही." आम्ही तिघांनीही त्यावर विश्वास ठेवला. त्याने आपली कमाई घातली, मी साठवलेले पैसे दिले, कानातले मोडायला दिले नाहीत एवढंच, आणि स्पूल सीताबर्डीच्या एका कॅसेटवाल्याकडे प्रती काढायला गेली.

आता जे झालं ते उन्हाळ्यातल्या नागपूरकराशिवाय कोणाच्या हातून होणार नाही. भर दुपारी साऱ्या शहराचे कूलर एकदम चालू असतात. दिवा मेणबत्तीएवढा जळतो, पंखा विचार करत फिरतो. घरात फ्रिज असेल तर त्याला स्टॅबिलायझर लावतात, टेपरेकॉर्डरला लावायचं आमच्या कोणाच्या डोक्यातच आलं नाही. आमचा टेपरेकॉर्डर मरतुकड्या व्होल्टेजवर हळूहळू फिरत होता, आणि आम्ही ऐकायचोही त्याच दुपारी, त्याच व्होल्टेजवर, म्हणून सगळं बरोबर वाटायचं. कॅसेटवाल्याने स्पूल संध्याकाळी लावली. चांगली वीज मिळाल्याबरोबर ती भरधाव सुटली. सुधाकरचा फौजदारी आवाज करडूसारखा झाला. बाबूचे ड्रम उशीर झालेल्या वरातीसारखे धावायला लागले. आणि माझा आवाज एका शाळकरी पोरीचा झाला, दोन वेण्या घातलेल्या.

कॅसेटवाल्याला वाईट काही वाटलंच नाही. पाळणा आहे, पाढा आहे, चिमुकले आवाज आहेत. त्याने ओळखलं की ही कॅसेट कसली आहे, आणि मनाने वेष्टणही छापून टाकलं. त्यावर एक पिवळं बदक होतं आणि खाली मोठ्या अक्षरात 'बालगीते'. आम्ही आणायला गेलो तेव्हा सगळ्या प्रती निघालेल्या होत्या.

सुधाकरने ते बदक बराच वेळ हातात धरून पाहिलं. बाबू म्हणाला, "तूच म्हनत होता गा, आत काय हाय ते बाहेरून दिसू नाही म्हनून." सुधाकर त्याच्याशी तीन दिवस बोलला नाही.

आणि कॅसेट खपली. हेच सहन होत नव्हतं. सुट्ट्या होत्या, पोरं घरात कोंडलेली होती, आयांना दुपारी काहीतरी हवंच होतं. महालापासून धरमपेठेपर्यंत लेकरं आमच्या पाळण्यावर नाचू लागली. एकोणतीसचा पाढा तर मास्तरांनीही उचलला. सुधाकर एकदा म्हणाला, "आपून एवढं पेटून राहिलो होतो, अन् लेकरं नाचून राहिले." त्यानंतर तो गिटार घेऊन आला नाही. मला त्याच्यासाठी वाईट वाटायचं आणि स्वतःसाठी जास्त. फाटकासमोर मी तोंड झाकून गायले होते. या कॅसेटवर निदान गळा तरी माझा असणार होता. तो एका न जन्मलेल्या पोरीला जाऊन चिकटला. गल्लीतून जाताना घराघरातून ती ऐकू यायची आणि मी मान खाली घालून पुढे जायचे.

एक संध्याकाळ. अंगणात पाणी शिंपडलं होतं, बाबा बाजेवर बसले होते, आई ताटात तांदूळ निवडत होती. शेजारच्या पोरांनी कॅसेट लावली. कडीचं गाणं सुरू झालं. बाबा पंखा हलवायचे थांबले. शेवटपर्यंत ऐकून म्हणाले, "गळा गोड आहे पोरीचा. असेल नऊ-दहा वर्षांची. कोनाची आहे?"

माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. आलं आणि तिथेच राहिलं. आईला आवाज ओळखायची गरजच नव्हती, गाणंच तिचं होतं. ती तांदळातला खडा बाजूला टाकत म्हणाली, "वीस वर्साची हाय. तुमची हाय."

बाबा उठून आत गेले आणि कोट न घालता तसेच बाहेर पडले. मी स्वयंपाकघरात आईच्या मागे जाऊन उभी राहिले. वाटलं, आता बोलणी बसतील. ती म्हणाली, "एक कडवं राहिलं तुयं."

"दोनच आहेत ना?"

"तिसरं मी जोडलं. तू झाल्यावर." आमच्याकडे बायका स्वतःबद्दल बोलताना 'मी जातो, मी गातो' असंच म्हणतात, आईही तशीच बोलायची. तिने मागे वळून पाहिलं नाही. हलक्या आवाजात म्हटलं, आणि या वेळी मी आत असूनही थांबली नाही:

गळ्याले गानं काहून वं बाई,
पोरीले सांगा मी गात नाही.

त्या कडव्यातली पोरगी मी होते. वीस वर्षं ते माझ्यापासूनच झाकून ठेवलेलं होतं. मला रडू आलं, आणि ती म्हणाली, चुलीपासून सर, धूर लागून राहिला.

बाबा परत आल्यावर तिने त्यांना एवढंच सांगितलं, "रायपूरले कळवा. पोरगी गाते म्हना. झाकून देनं बरं नाही." बाबांना हे पटलं असेल असं नाही, पण लपवून लग्न केलं आणि मग कळलं तर काय, ही धास्ती त्यांना पटली. निरोप गेला. मला कोणी काही विचारलं नाही. मी गच्चीवर कुरड्या उलटत राहिले आणि मनातल्या मनात त्या लोकांनी रागवावं, चिडावं, नाही म्हणावं, अशी प्रार्थना करत राहिले.

ते चिडले नाहीत. नवतपा उतरून पंधरा-वीस दिवस झाले, पाऊस अजून आला नव्हता, तेव्हा देवराव काका आले, ज्यांनी हे स्थळ आणलं होतं ते. बैठकीत बसून, घाम पुसून, प्रसन्न चेहऱ्याने म्हणाले, "मानसं मोठ्या मनाची हायेत गा. मुलाची आई म्हनते, गाऊ द्या की. घरात गायले आमची काही मनाई नाही."

बाबांचा चेहरा उजळला. इतक्या दिवसांत मी त्यांना असं सुटल्यासारखं पाहिलं नव्हतं. आणि मी आतल्या दाराशी उभी होते, तिथे चौकट धरून राहिले. रागावले असते तर भांडता आलं असतं. इतक्या चांगल्या माणसांना काय म्हणून नाही म्हणायचं? मला दिसलं ते घर, स्वच्छ, हवेशीर, आणि त्यातली एक खोली, जिथे मला गाता येईल. दार लोटून घेतलं की झालं. मला वाटलं, संपलं.

आई पन्ह्याचे पेले घेऊन आली. देवराव काकांच्या हातात एक दिला, बाबांच्या पुढ्यात एक ठेवला. मग रिकामा ट्रे पोटाशी धरून ती तिथेच उभी राहिली. बैठकीत पाहुणे असताना ती कधी थांबत नसे.

"घरात त मी बी गातो भाऊजी," ती म्हणाली. "कोनी आयकलं?"

देवराव काकांना हे काय उत्तर झालं ते समजेना. ते बाबांकडे पाहू लागले. बाबा आईकडे पाहत होते. पेला त्यांनी उचलला होता, तो तसाच परत खाली ठेवला.

"तू गातं?" बाबांनी विचारलं. "काय गातं वं?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. ते खरोखरच विचारत होते, आणि ते त्यांनी तिला पहिल्यांदाच विचारलं होतं. आईच्या ओठांची हालचाल झाल्यासारखी मला वाटली. क्षणभर वाटलं, ती आता सांगेल, कदाचित म्हणूनही दाखवेल.

"माह्यं राहू द्या आता," आई म्हणाली. "पोरीचं रायपूरले नाही म्हनून सांगा."